टर्बो गेलाय म्हणतात? आधी पाइप बघा

या वेळचं पत्र पावसजवळच्या एका आंबा बागायतदाराचं आहे. खाली सही केली आहे, ‘पांढऱ्या हत्तीचा माहूत’. पत्र लांब आहे, म्हणून थोडक्यात देतो.

“माझ्याकडे २०१५ ची व्होल्वो एस ६० टी ६ आहे, पेट्रोल. तीन वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका डॉक्टरांकडून घेतली. आता ७१ हजार किलोमीटर झालेत. घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. रोजच्या कामाला पिकअप आहे, त्यामुळे ही गाडी महिन्यातून दोनदा बाहेर पडते, बहुतेक कोल्हापूरला. एरवी अंगणात माडाखाली ताडपत्री टाकून उभी असते. दिवाळीनंतर आंबा घाटात जोर दिला की ‘फुस्स’ असा आवाज येतो, गाडी मरगळते आणि इंजिनाचा दिवा लागतो. इथल्या गॅरेजवाल्याने टर्बो गेला म्हणून अडीच लाख सांगितले. मित्र म्हणतो, टर्बो बदलतोच आहेस तर रिमॅप, म्हणजे इंजिनाच्या संगणकाची सेटिंग बदलणं, तेही करून घे, साडेतीनशेची ताकद होईल. वडील म्हणतात, पांढरा हत्ती आहे, फुंकून टाक. बायको काही म्हणत नाही, पण तिला मी बिलाचा आकडा निम्माच सांगतो, हेही कबूल करतो. एक दलाल साडेचार लाख द्यायला तयार आहे. विकू का ठेवू?”

माहूतराव, विकायचं की ठेवायचं ते नंतर बघू. आधी ते अडीच लाख खिशात ठेवा.

टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा. ‘टर्बो गेला’ हे निदान आपल्याकडे ‘वात झालाय’ म्हणण्यासारखं आहे. कशालाही लागू पडतं आणि सांगणाऱ्याला काही सिद्ध करावं लागत नाही. मी स्वतः या वाक्याला एकदा फसलोय. माझ्या जुन्या टर्बो गाडीला हीच लक्षणं होती. एका नावाजलेल्या गॅरेजने टर्बो बदलला, बिल लावलं, आणि परतीच्या वाटेवर परशुराम घाटात पुन्हा तोच फुस्स. शेवटी मिरकरवाड्यात बोटींची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रीने बॉनेट उघडलं. इंजिन चालू ठेवून तो एकेका पाइपावरून नुसता हात फिरवत गेला, आणि एका रबरी पाइपाच्या वळणावर थांबला. वरून पाइप ठणठणीत दिसत होता. त्याने पिळल्यावर खालच्या बाजूला बोटभर लांबीची चीर उघडली, माशाच्या कल्ल्यासारखी. गाडी उभी असताना ती मिटलेली असायची आणि दाब आला की उघडायची.

तुमच्या गाडीत तसंच झालं असेल असं मी छातीठोक सांगत नाही. पण लक्षणं त्याच दिशेला बोट दाखवतात. टर्बो हवा दाबतो. ती गरम झालेली हवा इंटरकूलरमध्ये गार होते आणि मग इंजिनात जाते. या वाटेवर रबरी पाइप, त्यांचे क्लिप आणि प्लास्टिकचे जोड असतात. दहा वर्षं इंजिनाची धग सोसल्यावर रबर कडक होतं, प्लास्टिक तडकतं. सपाट रस्त्यावर हळू चालवताना दाब कमी असतो, म्हणून काही कळत नाही. साखरपा सोडून चढ लागला आणि तुम्ही पाय दाबलात की दाब वाढतो, चिरेतून हवा सुटते. संगणकाला हवा तेवढा दाब मिळत नाही, म्हणून तो ताकद आवरून घेतो आणि दिवा लावतो.

तेव्हा कोड वाचून घ्या. गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारा साधा ओबीडी स्कॅनर कुठल्याही गॅरेजमध्ये असतो. ‘पी ०२९९’ दिसला तर त्याचा अर्थ एवढाच, की दाब अपेक्षेपेक्षा कमी आहे. टर्बो गेला असं तो कोड म्हणत नाही. ते गॅरेजवाल्याचं भाषांतर. मग स्मोक टेस्ट करायला सांगा. हवेच्या वाटेत धूर भरतात आणि तो कुठून बाहेर येतो ते बघतात. सायकलची ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधतात, तशातलाच हा प्रकार. त्यातून काहीच सापडलं नाही तर टर्बोकडे वळा. टर्बो खरंच संपला असेल तर सहसा निळसर धूर निघतो, भोंग्यासारखी किंचाळी येते, किंवा पाइप काढून बोटाने दांडा हलवला तर तो बाजूला खुळखुळतो. पाइपात तेलाचा पातळ थर दिसला म्हणून कुणी घाबरवलं तर घाबरू नका, तेवढं तेल जुन्या गाडीत असतंच. वाटीभर ओघळलं तर गोष्ट वेगळी.

तुमच्या इंजिनात आणखी एक गंमत आहे, ती मिस्त्रीला आधी सांगा. हे चार सिलिंडरचं दोन लिटरचं इंजिन टर्बोबरोबर सुपरचार्जरही वापरतं. सुपरचार्जर हाही हवा दाबणारा पंपच, पण तो इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो आणि इंजिनाच्या कमी फेऱ्यांवर (आरपीएम) जोर देतो. वेग वाढला की त्याचा क्लच सुटतो आणि टर्बो एकटा काम करतो. त्यातूनच एवढ्याशा इंजिनातून ३०६ पीएस ताकद आणि ४०० न्यूटन मीटर ओढ निघते. म्हणून तक्रार सांगताना ‘पिकअप नाही’ एवढंच सांगू नका. सुरुवातीला ओढते का, नेमक्या किती फेऱ्यांवर मरते, आवाज कुठल्या बाजूने येतो, हे लिहून न्या. डॉक्टरकडे जाऊन नुसतं ‘बरं नाही’ म्हणून चालत नाही.

आता तुम्ही ज्याबद्दल विचारलंच नाहीत, ते सांगतो. मला जास्त काळजी त्याचीच वाटते. तुमची गाडी २०१५ ची, म्हणजे दहा वर्षं उलटली. या इंजिनात टायमिंगला, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचा मेळ राखायला, साखळी नाही, रबरी पट्टा आहे, आणि त्याला किलोमीटरबरोबर वयाचीही मर्यादा असते, साधारण दहा वर्षांची. ‘फक्त ७१ हजार तर झालेत’ हे इथे कामाचं नाही. पट्टा तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात, आणि मग टर्बोचे अडीच लाख स्वस्त वाटायला लागतात. डॉक्टरसाहेबांनी किंवा तुम्ही पट्टा बदलल्याचं बिल फाइलमध्ये असेल तर उत्तम. नसेल तर बदललेला नाही असंच धरा. बाहेरचा पट्टा आणि दोन्ही पट्टे ताणून धरणारे टेन्शनर त्याच वेळी बदलून घ्या, कारण मजुरी एकदाच पडते.

तेलाचंही बघा. या मालिकेच्या सुरुवातीच्या काही इंजिनांबद्दल तेल खाण्याची तक्रार जगभरातल्या मालकांनी केलेली आहे. तुमची खातेच असं नाही, पण न बघता कळणार कसं? एक वही करा. तारीख, किलोमीटर, तेल किती घातलं. दर पंधरा दिवसांनी सपाट जागेवर पातळी बघा आणि लिहा. तेल पुस्तिकेत दिलेल्या मानकाचंच, ०-डब्ल्यू-२० चं. ‘आपल्या उन्हाला जाड तेल बरं’ असं सांगणारे भेटतील, त्यांना नमस्कार करा. आणि वर्षातून एकदा तेल बदलाच, गाडी तीनच हजार चालली असली तरी. आखूड फेऱ्यांमध्ये तेलात जमणारी ओल उडून जात नाही.

गिअरबॉक्सचं तेल ‘जन्मभराचं’ असतं असं कुणी सांगितलं तर विचारा, कुणाच्या जन्माचं? आठ गिअरचा ऑटोमॅटिक आहे. ७१ हजारांवर तेल बदलायला हरकत नाही.

आता मिठाकडे येतो. तुमच्यासारखे काही वाचक म्हणतात, ‘स्वीडिश गाडी आहे, तिकडे रस्त्यावर मीठ टाकतात, तिला आपल्या खाऱ्या वाऱ्याचं काय?’ युक्तिवाद छान आहे, पण अर्धाच खरा. तिकडे हिवाळ्यात बर्फ वितळवायला मीठ टाकतात हे खरं, आणि म्हणून या गाड्यांच्या पत्र्याला जस्ताचा चांगला थर असतो. पण तिकडचं मीठ थंडीतलं. गंज ही रासायनिक क्रिया आहे, ती थंडीत मंदावते. आपल्याकडे मीठ बाराही महिने, तेही ऊब आणि दमट हवेसकट. तुमच्या गाडीचा पत्रा टिकेल. सडतात त्या बाकीच्या गोष्टी: खालचे बोल्ट, ब्रेकचे पाइप, एसीच्या कंडेन्सरची आणि इंटरकूलरची पातळ ॲल्युमिनियमची पाती, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे वायरींचे जोड. एखादा अर्थिंगचा बोल्ट उघडून बघा. हिरवट बुरशीसारखं काही दिसलं तर निम्म्या ‘इलेक्ट्रॉनिक’ भानगडींचं मूळ तिथेच असतं. कॉन्टॅक्ट क्लीनर, बारीक पॉलिश पेपर आणि वर ग्रीस, एका दुपारचं काम.

महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने खालून धुवा. खालून म्हणजे खरंच खालून, चाकांच्या कमानींच्या आतून. प्रेशरचा पाइप इंटरकूलरच्या जाळीवर जवळून मारू नका, पाती वाकतात. आणि गाडी पुळणीवर नेऊ नका. गणेशगुळ्याला पाहुण्यांच्या हट्टाखातर वाळूत उतरवलेल्या गाड्या मी ट्रॅक्टरने ओढून काढलेल्या पाहिल्यात. त्यांच्या मालकांचे चेहरे फोटो काढण्यासारखे नव्हते.

ती ताडपत्री काढा. तुम्ही ती मायेने घातलीत, कळतं. पण प्लास्टिकच्या ताडपत्रीखाली जमिनीतली ओल अडकते आणि गाडी दिवसरात्र वाफेत उभी राहते. वर पत्रे आणि बाजूंनी वारा खेळता ठेवणारी पडवी असेल तर सर्वांत बरं. नाहीतर हवा जाऊ देणारं कापडी कव्हर घ्या. सनरूफ असेल तर त्याच्या कोपऱ्यांतली पाण्याची भोकं आणि विंडशील्डच्या खालच्या खाचा पावसाआधी साफ करा. आंब्याचा मोहोर, सुकी पानं तिथे अडकतात, पाणी तुंबतं आणि गुपचूप पायाखालच्या गालिच्यात उतरतं. डॅशबोर्डखाली या गाडीचे संगणक आहेत. एखाद्या पावसाळी सकाळी सगळे दिवे एकदम पेटले तर गालिचा हाताने दाबून बघा.

उंदरांबद्दल काही सांगत नाही, बागायतदाराला मी काय शिकवू? फक्त महिन्यातून एकदा बॉनेट उघडून टॉर्च मारून आत बघा, इतकं तरी करा.

गाडी महिन्यातून दोनदाच निघते, हेच तिचं खरं दुखणं. यंत्र उभं राहून जितकं बिघडतं तितकं चालून बिघडत नाही. ज्याची होडी पावसाळ्यात शाकारून ठेवतात त्याला हे माहीत असतं. ठेवण्याची पद्धत असते आणि काढण्याचीही. आठवड्यातून एकदा तरी गाडी अर्धा-पाऊण तास चालवा, इंजिन पुरतं गरम होऊ द्या. अंगणात दहा मिनिटं नुसती चालू ठेवणं म्हणजे देखल्या देवा दंडवत, त्याने उलट तेलात पाणी आणि पेट्रोल मिसळतं. पावसाळ्यात महिनाभर उभी ठेवायचीच असेल तर सपाट जागेवर ‘पी’ मध्ये टाका, हँडब्रेक सोडून द्या आणि चाकाला दगडाचा चिरा लावा. नाहीतर गंजलेल्या चकतीला ब्रेकपॅड चिकटून बसतात.

पेट्रोलचा प्रश्नही याच्याशी जोडलेला आहे. पंपावर आता सर्वत्र ई २० मिळतं, म्हणजे २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत १० टक्क्यांपर्यंत चालेल असं दिलंय. जमेची बाजू एकच, की ई २० ची ऑक्टेन ९५ असते आणि टर्बो इंजिनाला ऑक्टेन हवीच असते. पण इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि आपल्याकडे हवेत पाण्याची कमतरता नाही. म्हणून टाकी अर्धी ठेवून गाडी दोन-दोन महिने उभी करू नका. उभी करायची तर टाकी भरून, आणि परत निघाल्यावर ते पेट्रोल लवकर संपवून. पुण्याला फेरी असेल तर परतताना १०० ऑक्टेनचं पेट्रोल मिळतंय का बघा. खिशाला चटका बसेल, पण दरवेळी भरायला मी कुठे सांगतोय? इंधनाचे रबरी पाइप आणि त्यांचे जोड मात्र वर्षातून एकदा वास घेऊन तपासा. खरंच नाकाने.

घाट चढताना पाय दाबा, त्यासाठीच तर ती गाडी आहे. पण वर आंबा गावात चहाला थांबता आणि लगेच बटण दाबून बंद करता, हे करू नका. टर्बोचं पातं मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतं आणि तेल हाच त्याचा श्वास. तापलेला असताना तेलाचा ओघ एकदम थांबला की उरलेलं तेल तिथेच करपतं. शेवटचे दोन किलोमीटर सबुरीने चालवा, थांबल्यावर मिनिटभर तशीच चालू राहू द्या. आमच्याकडचे तांडेल, म्हणजे बोटी चालवणारे, जेटीला लागल्यावर इंजिन तडकाफडकी कधी बंद करत नाहीत, आधी मंद चालवतात. हे त्यांना कुठल्या पुस्तिकेने सांगितलेलं नाही.

पाण्याचं एकच वाक्य सांगतो. जुलै २०२१ मध्ये चिपळूण बुडालं तेव्हा कित्येक गाड्या पुराने नव्हे, तर पूर ओसरल्यावर मालकाने स्टार्टर मारून मारल्या. पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा चालू करू नका, टो करून न्या. आणि विम्यात इंजिन प्रोटेक्ट आहे का, एवढ्या जुन्या गाडीला ते अजून देतात का, हे एजंटला आजच विचारा.

रिमॅपचं उत्तर ‘नाही’. टर्बो आजारी आहे की पाइप हेच अजून ठरलेलं नाही, पट्टा दहा वर्षांचा आहे, पेट्रोल पुस्तिकेबाहेरचं आहे, आणि मित्र म्हणतोय दाब वाढव. मित्राला म्हणावं, तुझ्या गाडीत कर, मी बघायला येतो. एस ६० ची पोलस्टार ही जास्त ताकदीची आवृत्ती २०१७ मध्ये भारतात आली, तिच्यात ३६७ पीएस होते हे मलाही ठाऊक आहे. पण ती ताकद नुसत्या संगणकातून काढलेली नव्हती. ब्रेक, शॉक ॲब्सॉर्बर, टर्बो, सगळंच वेगळं होतं.

आता विकायचं की ठेवायचं. माझं मत सांगतो: या पावसाळ्यापुरती ठेवा, पण अट घालून. पाइप, टायमिंगचा पट्टा, तेलं आणि टायर, एवढ्याचा खर्च दोन ठिकाणांहून लेखी मागवा. टायरच्या बाजूवर चार अंकी आकडा असतो, पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. डॉक्टरांच्या वेळचेच असतील तर नक्षी कितीही शाबूत असो, बदला. हा सगळा आकडा हंगामाच्या पैशांना हात न लावता भागत असेल तर ठेवा. भागत नसेल तर निदान पाइप दुरुस्त करून विका. इंजिनाचा दिवा पेटलेल्या गाडीला साडेचार लाख देणाऱ्या दलालाला दिवा कशामुळे पेटलाय ते तुमच्याआधी माहीत असतं. आणि हे सगळं मार्चच्या आत. एकदा आंबा सुरू झाला की तुम्हाला गाडी कुठे उभी आहे तेही आठवणार नाही, आणि मेअखेर गॅरेजमध्ये नंबर लागत नाही.

वडिलांना समजावायला जाऊ नका. पिकअप बारा महिने राबते, ही उभी राहते, त्यांच्या हिशेबाने हा हत्तीच. त्यात त्यांचं काय चुकलं?

वहिनींचं मात्र वेगळं आहे. निम्मा आकडा सांगता असं लिहिलंत, आणि ‘ती काही म्हणत नाही’ असंही. धंद्याचे हिशेब घरात कोण बघतं ते पत्रात नाही, पण बागायतदाराच्या घरातल्या बाईला फोनवरचा बँकेचा मेसेज वाचता येत नसेल असं मला वाटत नाही. बहुतेक तिला पूर्ण आकडा माहीत आहे आणि तुम्ही तो कधी सांगता याची ती वाट बघतेय. मघाशी सांगितलेल्या तेलाच्या वहीत मागच्या पानापासून खर्च लिहा, तीन वर्षांचा, पै न पै. वही कपाटात नको, स्वयंपाकघरात ठेवा. त्यानंतर ती विका म्हणाली तर मग माझं मत बाजूला ठेवा. आणि दर आठवड्याच्या त्या अर्ध्या-पाऊण तासाच्या फेरीला कधी तिलाही विचारा. पूर्णगडपर्यंत जाऊन यायला तेवढा वेळ पुरतो.

शेवटचं. गाडी माडाखाली उभी करता असं लिहिलंत. बाकीचं सगळं या आठवड्यात करा, पण गाडी आज संध्याकाळीच हलवा. नारळाला व्होल्वो कळत नाही.